चाचणीचं काम तिच्याकडे होतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्यासोबत रोज सकाळी फिरायला जातो त्या मित्रांना तर नाहीच नाही. सांगायची वेळ आली नाही असं म्हणणार नाही. वेळ अनेकदा आली, समोर येऊन उभी राहिली — आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो.

एक आधीच सांगून टाकतो. मन हलकं करायला मी बसलेलो नाही. मला राग आलेला आहे. काही वर्षं झाली, तो जात नाही. कधी मालकांवर काढून पाहिला, कधी त्या संस्थेच्या सचिवावर, कधी सगळ्या गावावर. पण राग मोठा शहाणा असतो हो. कुठंही पाठवा, फिरून बरोबर घरी येतो.

तर ऐका. किंवा नका ऐकू, मी सांगणारच आहे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेला माणूस शोधावा लागे, आणि कॉम्प्युटरला कामाला लावणारा तर हाताच्या बोटांवर. मी त्यातला एक. आमचं केंद्र लकडगंजात होतं, एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. खाली लाकूड चिरायची आरामशीन दिवसभर किंचाळायची आणि वर काचेच्या भिंतीमागे आमचं यंत्र — खोलीभर पसरलेलं, गावात कुठं मिळणार नाही अशा गारव्यात. भुसा आत जाऊ नये म्हणून चपला जिन्यातच काढायच्या, दारात ओलं गोणपाट. मे महिन्यात वखारीतले हमाल काहीतरी निमित्त काढून वर यायचे आणि काचेला पाठ लावून मिनिटभर उभे राहायचे. मालक वखारीचेच. पुढचा जमाना या मशीनचा आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. कॉलेजांचे निकाल, दवाखान्यांच्या औषधांच्या याद्या, असली कामं आम्ही बाहेरून घ्यायचो.

प्रोग्राम तेव्हा कागदावर लिहायचे. चौकटी छापलेला कागद, पेन्सिल, एका चौकटीत एक अक्षर. मी ते फार सुंदर लिहायचो. खोडरबर क्वचित लागायचा. हे मी आता अभिमानानं सांगत नाही — पण तेव्हा होता, चांगला छातीभर होता. महालात, म्हणजे गावातल्या जुन्या वस्तीत, आमच्या घरी तीन पिढ्या कारकून. वळणदार अक्षर हीच आमची इस्टेट. त्या घरातला मी, आणि माझ्या अक्षरांनी एक यंत्र चालत होतं!

मग मालकांनी मला प्रमुख केलं. हाताखाली पाच माणसं दिली. त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला तो अजून आठवतो. म्हणाले, "वसंतराव, अब आप लिखोगे या लिखवाओगे?"

मी म्हटलं, "दोन्ही."

किती सोपं उत्तर. आणि किती खोटं. पण मालक खूष झाले. साहेब होऊनही स्वतःच्या हातानं काम करणारा माणूस — याची आपल्याकडे केवढी आरती होते! मी केबिनच्या दारावर पाटी लावली : दहा ते एक भेटू नये. सकाळी मी लिहिणार, दुपारी लिहवून घेणार. म्हणजे दुपारी बैठका, गिऱ्हाइकं, आणि हाताखालच्या पाच जणांचं काम पाहणं. हे मी ज्याला त्याला सांगायचो. अर्धा दिवस प्रोग्रामचा, अर्धा माणसांचा.

माणसांचा? कधी? सहा महिन्यांत मी त्या पाच जणांपैकी एकाशीही नीट तासभर बसलो नव्हतो. दुपार गिऱ्हाइकांत आणि मालकांसोबतच्या चहात जायची. आणि सकाळी दार लावून मी लिहायचो, कारण मला माणसं जमत नव्हती. प्रोग्राम उलट विचारत नाही. प्रोग्राम तुमच्याकडे आशेनं पाहत नाही. शिवाय खरं सांगू? मला भीती होती. कामाचा गाभा दुसऱ्याच्या हाती दिला आणि त्यानं माझ्यापेक्षा बरा केला तर? म्हणून मोठं सगळं माझ्याकडे, आणि त्यांना काय — पानाचे मथळे, पानांचे आकडे, छपाई सरळ येते का ते पाहणं. आणि चाचणी. माझ्या प्रोग्रामला खोटी माहिती घालून तो चालतो की नाही हे तपासण्याचं काम. ते मला हलकं वाटायचं.

चाचणीचं काम मी पुष्पाला दिलं होतं.

पुष्पा रामटेके. उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याहून सायकलनं यायची. वडील गिरणीत, ती घरातली पहिली पदवीधर, गणित घेऊन बी.एस्सी. वय असेल तेवीस-चोवीस. बोलायची कमी. दोनदा तिनं मला विचारलं होतं, सर, एखादा छोटा भाग मी लिहून पाहू का? दोन्ही वेळा मी म्हटलं, पाहू. "पाहू" हा शब्द साहेब लोकांसाठीच तयार झालाय बहुतेक. नाही म्हणायचं पाप लागत नाही आणि द्यावंही लागत नाही काही.

ती हुशार होती. हे मला माहीत होतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते न कळून केलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक मोठं काम आलं. विदर्भातल्या काही खाजगी संस्थांनी एकत्र येऊन शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींची प्रवेश परीक्षा घेतली होती. तीन पेपर — मराठी, गणित, सामान्यज्ञान. तिन्हींचे गुण आत घालायचे, बेरीज करायची आणि वरून खाली गुणवत्ता यादी छापून द्यायची. संस्थांचा एक सचिव होता, पांढरा सफारी, सतत घाईत. त्याला सोमवारी यादी हवी होती. मी मालकांसमोर छाती काढून सांगितलं, सोमवारी मिळेल, प्रोग्राम मी स्वतः लिहितोय.

स्वतः! मी काय केलं माहीत आहे? आदल्या वर्षी असंच एक काम केलं होतं, त्यातले पेपर पन्नास गुणांचे होते. तोच प्रोग्राम उचलला आणि इकडेतिकडे बदलला. तीन सकाळी मिळाल्या होत्या, त्यातल्या दीड सचिवानं खाल्ल्या. पन्नास गुणांच्या पेपरला दोन रकाने पुरतात — चाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. आता पेपर शंभराचे होते. शंभर लिहायला तीन रकाने लागतात. मी दोनच ठेवले. म्हणजे कोणाला नव्याण्णव पडले तर ठीक. पैकीच्या पैकी पडले, तर डावीकडचा एक गळून जाणार आणि मागं उरणार दोन शून्यं.

कळलं ना? शंभर मिळवणाऱ्या मुलीला माझा प्रोग्राम शून्य देत होता.

चुका होतात. इथपर्यंतचं मी कोणालाही सांगितलं असतं, हसत सांगितलं असतं. कबूल करायचं आहे ते याच्या पुढं आहे.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास पुष्पानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. दहा खोट्या विद्यार्थिनी करून तिनं प्रोग्राम तपासला होता. त्यातल्या एकीला मुद्दाम शंभर दिले होते. छापून आलेल्या शून्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, आणि खाली दोन ओळी — सर, हे पाहावे, गुणांसाठी तीन रकाने हवेत. खाली सही.

मी तो कागद वाचला. पूर्ण वाचला. एका क्षणात समजलं. आणि मला काय वाटलं असेल? चूक सापडली म्हणून हायसं? छे. मला राग आला. नोकरीला लागून दोन वर्षं झालेल्या पोरीनं माझ्या प्रोग्रामवर लाल पेन्सिल चालवली! दोनला सचिव येणार होता. दुरुस्ती करायची म्हणजे प्रोग्राम पुन्हा आत घालायचा, पुन्हा सगळी चाचणी. आणि कोणीतरी विचारलंच असतं, काय झालं, काहून थांबलं? मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

शनिवारी सकाळी ती केबिनमध्ये आली. पाटी असतानाही आली, म्हणजे तिला किती महत्त्वाचं वाटलं असेल पहा. "सर, तो कागद पाहिला का?"

"पाहिला. होऊन जाईल."

ती गेली नाही. उभी राहिली. मी मान वर न करता म्हटलं, "शंभर कोणाले पडतात वं इथं?"

हे मी म्हटलं. आमच्या घरात असं बोललेलं चालत नसे, महालातलं आमचं बोलणं पुस्तकी. पण हाताखालच्या माणसाला गप्प करायचं असलं की मला बरोबर गावची बोली सुचायची. ती गेली. सोमवारी यादी छापली, सचिवानं नेली, माझी पाठ थोपटली.

बुधवारी दुपारी उमरेडहून एक माणूस आला. विणकर होता, साठीला टेकलेला, धोतर आणि वर शर्ट, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. सोबत मुलगी. संस्थेच्या ऑफिसात त्यांना सांगितलं होतं की निकाल कॉम्प्युटरनं लावला, आम्हाला काही माहीत नाही. मग पत्ता शोधत एस.टी.नं आणि पुढं पायी असे ते आमच्या जिन्यापर्यंत आले. चपला काढून दोघं आत उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही. का नाही म्हटलं? कुणास ठाऊक. बसले असते तर जास्त वेळ थांबले असते म्हणून असेल.

तो म्हणाला, "साहेब, पोरगी नापास झाली म्हणा, मी घरी घेऊन जातो. आमचं काही म्हणणं नाही. पण गणितात शून्य काहून जी?"

मग मुलगीच बोलली. अजिबात घाबरलेली नव्हती. म्हणाली, "मी घरी जाऊन सगळी गणितं पुन्हा सोडवली. सगळी बरोबर येऊन राहिली."

आता बघा. त्या क्षणी मला ठाऊक होतं. शंका नव्हती, अंदाज नव्हता — ठाऊक होतं. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. काचेपलीकडे पुष्पा उभी होती आणि आमच्याकडे पाहत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण उमरेडच्या मुलीच्या हातातला निकालाचा कागद तिला दिसत होता.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कॉम्प्युटर चुकत नसतो."

त्या म्हाताऱ्यानं हात जोडले. मला हात जोडले! आणि दोघं जिना उतरून गेले.

पण तो घरी गेला नाही. सरळ सचिवाच्या ऑफिसात गेला आणि व्हरांड्यात बसला. मुलीलाही बसवलं. त्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी परत येऊन बसला. ओरडला नाही, भांडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एवढंच म्हणे, पोरीचा पेपर दाखवा. शेवटी कोणीतरी कंटाळून पेपर काढला. गणितात शंभर. मग धावाधाव झाली, आणखी पेपर काढले, आणखी तीन मुली तशाच निघाल्या. चौघींनाही शंभर, चौघींनाही शून्य.

शुक्रवारी मालकांनी बोलावलं. वखारीतल्या त्यांच्या गादीवर मालक, समोर खुर्चीत सचिव, आणि मी. सचिव लालबुंद झाला होता. मालक ओरडत नसत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज आरामशीनवर चढला. "किसका काम था ये?"

एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर एका अक्षराचं नव्हतं का? माझं. दोन अक्षरं, चला. तेच मी दहा-बारा दिवसांपूर्वी छाती काढून म्हटलं होतं — प्रोग्राम मी स्वतः लिहितोय. पण मी आता साहेब झालो. खुर्चीत सरळ बसलो, घसा साफ केला, आणि साहेब बोलतात तसं बोललो. "प्रोग्राम ठीक आहे. पण चाचणीत ही गोष्ट पकडली जायला हवी होती. चाचणीचं काम आमच्या रामटेकेबाईंकडे होतं. पुष्पा रामटेके."

ऑफिसात आम्ही तिला पुष्पा म्हणायचो. आडनाव कोणी घेत नसे. मी घेतलं. दोनदा घेतलं, सावकाश, नीट ऐकू जाईल असं. आणि सचिव खुर्चीत मागं टेकला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, जणू काही सगळा उलगडा झाला. तो म्हणाला, "तरीच."

एक शब्द. तरीच!

मी तेव्हा काही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर काय म्हणायचं होतं ते मला चांगलं कळत होतं. त्या शब्दात काय काय होतं हे मला — महालातल्या, शिकलेल्या, पुढारलेल्या विचारांच्या माणसाला — कळत नव्हतं असं कोण म्हणेल? जातीवरून मी आयुष्यात कोणाला वाईट बोललेलो नाही, असं मी अजूनही छाती ठोकून सांगू शकतो. बोलावं लागलंच नाही ना! फक्त नाव घेतलं. बाकीचं काम त्यांनी केलं, आणि ते करतील हे मी धरून चाललो होतो. यासाठी मला स्वतःची जितकी घृणा वाटते तितकी त्या ड्रॉवरसाठीही वाटत नाही.

पुष्पाला खाली बोलावलं. ती चपला न घालताच आली, भुशातून अनवाणी. मालकांनी विचारलं, तुझ्याकडे चाचणी होती ना, मग हे कसं सुटलं? ती माझ्याकडे वळली. मालकांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "सर, मी तुम्हाले लिहून दिलं होतं. तुम्ही पाहिलं म्हणाले होते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विसरलो असेन, आता आठवेल, अशी वाट पाहत होती ती. अजून माझ्यावर विश्वास होता तिचा, त्या मिनिटापर्यंत.

मी म्हणालो, "असा कुठला कागद माझ्याकडे आला नाही."

ती रडली नाही, वाद घातला नाही. वर जाऊन पाहू या, ड्रॉवर उघडा, असंही म्हणाली नाही — आणि ती म्हणाली असती तर? या प्रश्नावर मी कितीतरी सकाळी घालवल्या आहेत. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. नीट, पूर्ण, जसा एखादा प्रोग्राम वाचतात तसं. मग मालकांनी उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. ती वर गेली, टेबलावरची आपली पट्टी आणि पेन्सिली घेतल्या, जिन्यात चपला घातल्या, आणि सायकल घेऊन निघून गेली. पाच मिनिटं लागली असतील.

कागद मी घरी नेला. सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं, बंबात टाकला. बायको म्हणाली, काय जाळता? म्हटलं, रद्दी.

आणि आता पुढचं ऐका, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. चूक दुरुस्त करायला मला अर्धा तास लागला. लागणारच! कुठं आहे ते मला आठ दिवस माहीत होतं. पण सगळे पाहत राहिले. प्रमुख साहेब स्वतः पेन्सिल घेऊन बसले आणि अर्ध्या तासात दोष शोधून काढला! सचिवानं पत्र लिहून आभार मानले. मालकांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगितली. नवी यादी लागली. तीन मुलींना जागा वाढवून घेतलं. चौथीला पाठवलेलं कार्ड परत आलं, पत्ता अपुरा म्हणून. तिचं काय झालं मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

उमरेडची मुलगी त्या तिघींत होती. तिचा बाप पुन्हा आला. या वेळी मी बसा म्हटलं. त्यानं पिशवीतून हातमागावरचा एक पंचा काढला, लाल काठाचा, स्वतः विणलेला. "साहेब, तुम्ही सोता चूक शोधली म्हणते लोक. नाही तं कोण पाहते गरिबाले?" म्हणून माझ्या हातावर ठेवला. मी घेतला. घेतला हो! नको म्हणता आलं असतं, काहीही कारण सांगता आलं असतं. मी दोन्ही हातांनी घेतला आणि वर त्याला चहा पाजला.

माझं नाव झालं. एका इंजिनिअरिंग कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं. विषय काय असावा? वरिष्ठ प्रोग्रामरनं आपला वेळ कसा वाटून घ्यावा — किती स्वतः लिहावं, किती दुसऱ्यांकडून करून घ्यावं. मी बोललो. सकाळ यंत्राची, दुपार माणसांची. हात कामात ठेवा, म्हणजे माणसं तुमचं ऐकतात. मुलं वहीत उतरवून घेत होती. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, दोन्हीमध्ये ओढाताण झाली तर कशाला प्राधान्य द्यायचं? मी हसून म्हटलं, माणसांना. टाळ्या पडल्या.

माझी खरी वाटणी काय होती ती मी त्या पोरांना सांगायला हवी होती. शाबासकी मिळायची असली की मी प्रोग्रामर. चूक निघाली की मी साहेब. मधल्या वेळात दोन्ही नाही. अशी वाटणी करणारा मी एकटा नाही हे मला ठाऊक आहे. पुढं किती ऑफिसांत किती जण पाहिले! पण त्यांचं ते बघतील. मी माझं बोलतोय.

पुढच्या उन्हाळ्यात काम वाढलं. मालक म्हणाले, आणखी दोन माणसं बघा. मी मनात ठरवलं, पुष्पाला परत आणायचं. जाऊन सगळं बोलायचं, माफी मागायची, मग मालकांना सांगायचं. एका रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि इंदोऱ्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. समोरच्या खोलीत ती दहावीच्या मुलींची शिकवणी घेत होती. सात-आठ मुली खाली चटईवर, भिंतीला काळा फळा. मला पाहून ती थांबली. मुलींना म्हणाली, थोडं बाहेर बसा. घरात आणखी कोणी नव्हतं. आम्ही दोघंच.

तिनं चहा केला. मी प्यालो. आणि लाज वाटते पण सांगतो — तिच्या घरचा चहा मी प्यालो म्हणून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. माझ्या आईला कळलं तर काय म्हणेल, तरी मी प्यालो, असा मी! ज्या घराच्या नावावर माझी खुर्ची वाचवली होती त्याच घरात बसून मी स्वतःला मोठ्या मनाचा समजत होतो. इतका कोडगेपणा माणसात येतो कुठून?

कप खाली ठेवून मी म्हटलं की केंद्रात जागा निघाल्यात, तू परत यावंस असं वाटतं. पुन्हा चाचणीचं काम नाही, लिहायला देईन. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "सर, तुम्ही कामाचं बोलायले आले का आणखी काही?"

तिनं दार उघडून धरलं होतं. यापेक्षा जास्त कोणी काय करतं?

मी म्हणालो, "कामाचंच."

"मंग नाही जमणार," ती म्हणाली, आणि उठून मुलींना हाक मारली. त्या आत आल्या, माझ्या भोवतीनं चटईवर बसल्या, वह्या उघडल्या. मला त्यांच्या मधून पाय टाकायला जागा शोधावी लागली. मी उंबरठ्यावर चपला घालत होतो तेव्हा ती फळ्याकडे वळून पुढचं उदाहरण लिहायला लागली होती.

तिनं विचारलं तेव्हा घरात कोणी नव्हतं, मला घाई नव्हती, आणि काय बोलायचं ते मी घरून ठरवून गेलो होतो. मी बोललो नाही.